थेंबांचं माप: स्प्रे ड्रायरचं नॉझल निवडताना

एक लिटर दूध शंभर मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत फोडलं, तर सुमारे १९० कोटी थेंब होतात. त्या सगळ्यांचं पृष्ठफळ मिळून ६० चौरस मीटर भरतं. मोशी-चिखलीकडे नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींमधल्या टू-बीएचके फ्लॅटची फरशी साधारण एवढीच असते. गरम हवेला पाणी ओढून घ्यायला एवढी जागा मिळाली, की काही सेकंदांत द्रवाची भुकटी होते. स्प्रे ड्रायिंग म्हणतात ते हेच. द्रव फोडण्याचं हे काम करणारा भाग तळहातावर मावतो.

त्या भागाच्या वाट्याला मान मात्र फार थोडा येतो. चार-पाच मजली टॉवर, हवा तापवणारा हीटर, पंखे, सायक्लोन, बॅग फिल्टर यांच्यावर महिनोन्महिने बैठका होतात. नॉझल बहुतेकदा ऑर्डरच्या शेवटी, ‘स्पेअर्स’ या सदराखाली येतं. खरं तर क्रम नेमका उलटा हवा. कशी भुकटी हवी ते आधी ठरावं, त्यावरून थेंब किती मोठा ते ठरावं, थेंबावरून नॉझल निघावं आणि नॉझलवरून टॉवरची उंची-रुंदी. टॉवर उभा राहिल्यावर नॉझल शोधणारे कारखाने पुढची कित्येक वर्षं त्याची किंमत इंधनाच्या बिलात मोजत राहतात.

कारण सोपं आहे. थेंब वाळायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभर मायक्रॉनच्या थेंबापेक्षा दोनशे मायक्रॉनचा थेंब चौपट वेळ घेतो. एकाच फवाऱ्यात पन्नास मायक्रॉनचेही थेंब असतील आणि तीनशेचेही, तर पन्नासवाले जळकट होतात, तीनशेवाले ओलेच भिंतीला जाऊन चिकटतात. थेंबांची सरासरी किती, याइतकंच त्यांच्यात फरक किती, हेही म्हणून महत्त्वाचं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सॅम्युएल पर्सीने १८७२ मध्ये द्रव फवारून वाळवण्याचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये रॉबर्ट स्टाउफने दुधासाठी पेटंट मिळवलं, ते पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या मेरेल-सोल कंपनीने विकत घेतलं आणि दूध पावडरीचा धंदा सुरू झाला. डेन्मार्कमध्ये योहान न्यूरोप याने १९३३ मध्ये नीरो अॅटोमायझर ही कंपनी काढली. तिने नॉझलऐवजी गरगर फिरणारी चकती वापरली. तेव्हापासून या क्षेत्रात नॉझलवाले आणि चकतीवाले अशी दोन घराणी झाली, ती आजही आहेत.

भारतात १९५५ हे वर्ष या कामी लक्षात ठेवण्यासारखं आहे. ३१ ऑक्टोबरला आणंदला पंडित नेहरूंच्या हस्ते खेडा संघाच्या दूध पावडर कारखान्याचं उद्घाटन झालं. म्हशीच्या दुधाची पावडर होऊ शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. संघातले दुग्धतंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलीनचं उत्पादन सुरू झालं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याची सुरुवात मोटारींनी झाली असं अनेकांना वाटतं. ती औषधांनी झाली. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये, त्यानंतर सात वर्षांनी.

वाळवण्याच्या शास्त्रातही मुंबई-पुण्याचा हात लहान नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, शिकलेल्या अरुण मुजुमदार यांनी १९७८ मध्ये कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात ड्रायिंग या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद सुरू केली. १९८७ मध्ये त्यांनी संपादित केलेला औद्योगिक ड्रायिंगचा हँडबुक जगभरच्या केमिकल इंजिनिअरांच्या टेबलावर गेला.

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याला थेंबांचं शास्त्र नवं नाही, फक्त ते वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांत पेंट शॉपचे रोबो रंगाचं ‘बेल’ मिनिटाला तीस-चाळीस हजार फेऱ्यांनी फिरवतात. ते बेल म्हणजे स्प्रे ड्रायरच्या चकतीचं धाकटं भावंडच. डिझेल इंजिनाचा इंजेक्टर दीड-दोन हजार बार दाबाने केसाएवढ्या भोकांतून इंधन फवारतो. थेंबांचा सरासरी व्यास मोजण्याचं जे माप आज स्प्रे ड्रायिंगच्या प्रत्येक पुस्तकात सापडतं, ते सॉटर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९२०च्या दशकात इंजिनांच्या कार्ब्युरेटरवर काम करतानाच काढलं होतं. पेंट शॉपमधला माणूस, इंजेक्टर तपासणारा माणूस आणि दूध पावडरीच्या प्लँटवरचा माणूस एकाच विषयावर काम करतात. त्यांची आपसात गाठ मात्र क्वचितच पडते.

आता मुख्य प्रश्न: निवड कशातून करायची? बाजारात तीन जाती आहेत.

पहिली चकती, म्हणजे रोटरी अॅटोमायझर. २१० मिलिमीटरची चकती मिनिटाला १५,००० फेऱ्यांनी फिरली, की तिच्या कडेचा वेग सेकंदाला १६५ मीटर होतो, ताशी सुमारे सहाशे किलोमीटर. द्रव मध्यावर पडतो, कडेवरून पातळ पडदा होऊन सुटतो आणि थेंबांत फुटतो. दाट, गाठाळ, कण असलेला द्रव हिला चालतो. फीड, म्हणजे आत येणारा द्रव, कमी-जास्त झाला तरी फक्त फेऱ्या बदलून थेंब राखता येतो. तोटे दोन. थेंब आडवे उडतात, म्हणून टॉवर रुंद लागतो. शिवाय द्रव फिरताना हवा सोबत घेतो आणि दाण्यात पोकळ्या राहतात. अशा पोकळ दाण्यांची भुकटी हलकी होते, गोणीत कमी मावते, वाहतुकीला महाग पडते. वक्र पाकळ्यांच्या चकतीने हा दोष कमी होतो, पूर्ण जात नाही.

दुसरं प्रेशर नॉझल. यात हवा नाही, फिरणारा भाग नाही. फक्त पंपाचा दाब. दुधाला साधारण दीडशे ते अडीचशे बार. हे एकदा उघडून पाहण्यासारखं असतं. स्टेनलेस स्टीलचा नट सोडवला की आत टंगस्टन कार्बाईडचा छोटा गोल तुकडा निघतो. त्याच्या मधोमध एक-दोन मिलिमीटरचं भोक. ते ऑरिफिस. त्याला लागून स्वर्ल चेंबर, गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली छोटी खोली. द्रव तिच्यात कडेने शिरतो, गरगर फिरतो. फिरण्याच्या जोराने मध्यभागी हवेचा स्तंभ तयार होतो आणि भोकातून बाहेर पडतो तो पोकळ शंकूसारखा पातळ पडदा. तोच पडदा फाटून थेंब होतात. सगळा हिशेब त्या भोकाच्या व्यासाचा, त्याच्या कडेच्या तीक्ष्णपणाचा आणि आतल्या खोलीच्या आकाराचा. एक ओ-रिंग थोडी जरी दबली नाही, तरी द्रव बाजूने गळतो आणि शंकू एका बाजूला लंगडतो.

प्रेशर नॉझलचा दाणा भरीव, थेंबांतला फरक कमी, फवारा खाली जाणारा, म्हणून टॉवर उंच आणि अरुंद. अडचण एकच, पण मोठी. दाब वाढवून प्रवाह फारसा वाढवता येत नाही. प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट लागतो. म्हणून मोठ्या टॉवरमध्ये एका मोठ्या नॉझलऐवजी अनेक लान्सवर, म्हणजे टॉवरमध्ये सोडलेल्या नळ्यांवर, अनेक छोटी नॉझलं बसवतात आणि उत्पादन कमी करायचं असेल तर एखादा लान्स बंद करतात.

तिसरी जात टू-फ्लुइड नॉझल, म्हणजे पंपाचा दाब नगण्य आणि फोडण्याचं काम दाबाच्या हवेचं. रंगाची स्प्रेगन याच तत्त्वावर चालते. थेंब सर्वांत बारीक मिळतो, अगदी दहा-वीस मायक्रॉनपर्यंत, आणि दाट द्रवही जमतो. प्रयोगशाळेतल्या छोट्या ड्रायरमध्ये हेच बसवतात. नेमका इथेच घोळ होतो. लॅबमध्ये टू-फ्लुइड नॉझलवर सुंदर पावडर आली म्हणून मोठ्या प्लँटलाही तेच मागवलं जातं आणि महिनाअखेरीस कॉम्प्रेसरचं वीजबिल पाहून सगळे चमकतात.

तो हिशेब मांडून पाहावा. दोनशे बार दाबाने एक घनमीटर द्रव फवारायला पंपाच्या नुकसानीसकट सहा-सात युनिट वीज लागते. चकतीला त्यापेक्षा थोडी जास्त. टू-फ्लुइड नॉझलमध्ये द्रवाच्या वजनाइतकी हवा सात बारला दाबायची झाली, तर एक टन फीडमागे ८० युनिटच्या आसपास वीज जाते. बारापट. ज्या औषधाच्या एका किलोची किंमत हजारो रुपये आहे त्याला हे परवडतं. दुधाला, मीठ-क्षारांना नाही.

पण पंपाच्या विजेवरूनच निवड करणं हीसुद्धा चूकच. एक टन फीडमध्ये निम्मं पाणी असेल, तर ते ५०० किलो पाणी उडवायला ड्रायरला पाचशे युनिटच्या घरात उष्णता लागते. तिच्यापुढे नॉझलची सहा-सात युनिट म्हणजे किरकोळ. खरी बचत उष्णतेत आहे आणि तिथवर पोचण्याचा रस्ता नॉझलमधूनच जातो.

तो कसा? हवा २०० अंशांना आत गेली, ९० अंशांना बाहेर पडली आणि बाहेरची हवा ३० अंशांची असेल, तर ढोबळ हिशेबाने ६५ टक्के उष्णता कामी येते. आउटलेट, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान, ८० अंशांवर आणता आलं, तर ७०.६ टक्के. दहा अंशांत इंधन आठ टक्क्यांनी घटतं. आउटलेट खाली का आणता येत नाही? कारण फवाऱ्यातले मोजके मोठे थेंब त्या तापमानाला वाळत नाहीत. त्या थोड्या थेंबांसाठी बाकीची सगळी पावडर जास्त तापवावी लागते. मोठे थेंब कमी करणारं नॉझल आलं, की आउटलेट खाली येतं. दुसरा मार्ग फीड दाट करण्याचा. ४० टक्के घन पदार्थांच्या फीडमध्ये एक किलो भुकटीमागे दीड किलो पाणी उडवावं लागतं, ५० टक्क्यांच्या फीडमध्ये एकच किलो. ड्रायरचं काम एक तृतीयांशाने कमी. दाट फीड फुटायला मात्र जड. त्याला नॉझलच्या तोंडापर्यंत पोचताना ६५ ते ७५ अंशांवर ठेवून पातळ राखावं लागतं, आणि तेही लगेच फवारावं लागतं. टाकीत थांबलेलं दुधाचं कॉन्सन्ट्रेट तासा-दोन तासांत घट्ट होत जातं.

हवा तापवण्याच्या बाजूला या पट्ट्यात हात बसलेला आहे. चिंचवडची थर्मॅक्स, १९६६ मध्ये वॅन्सन इंडिया या नावाने सुरू झालेली, थर्मिक फ्लुइड हीटरसाठी ओळखली जाते. महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइनही इथल्या कारखान्यांपर्यंत आली आहे. हीटरची कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी वाढवायला लोक मेहनत घेतात, ती घ्यावीच. पण आउटलेटचे दहा अंश त्याहून मोठे आहेत आणि त्यांच्याकडे लक्ष कमी जातं.

पावडरीपासून सुरुवात करायची म्हणजे काय, हे चार उदाहरणांनी स्पष्ट होईल.

चाकणहून नाशिकच्या दिशेने राजगुरुनगर ओलांडलं की मंचर येतं. १९९२ मध्ये तिथे सुरू झालेली पराग मिल्क फूड्स ‘गोवर्धन’ नावाने घराघरांत पोचली. जुन्नर-आंबेगावच्या दुधाचा मोठा भाग या भागात गोळा होतो. थंडीत दूध जास्त येतं, ते साठवायचं तर पावडर हाच मार्ग. चहात घालायच्या पावडरीला दोन गोष्टी लागतात: दाणा भरीव हवा आणि तो पाण्यात बुडला पाहिजे. बारीक दाणा पृष्ठभागावर तरंगतो, गुठळ्या होतात. त्यासाठी सायक्लोनमधून पकडलेली बारीक भुकटी पुन्हा नॉझलच्या तोंडाशी सोडतात. ओले थेंब आणि कोरडे कण एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घडासारखे पुंजके होतात, ते पाण्यात पटकन विरघळतात. हे जमण्यासाठी फवाऱ्याचा कोन आणि लान्सची जागा मिलिमीटरने लावावी लागते. दोन नॉझलांचे शंकू एकमेकांना कुठे छेदतात, त्यावर पुंजका ठरतो. म्हणून संपूर्ण दुधाच्या आणि बालआहाराच्या पावडरीत आज प्रेशर नॉझलच पुढे आहे. व्हे किंवा स्फटिक झालेलं लॅक्टोज असेल, तर चकतीची बाजू वरचढ. स्फटिक कण बारीक भोकाला बुजवतात.

दुसरं उदाहरण खाण्याचं नाही, लोखंड कापण्याचं. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सँडविक एशियाने दापोडीत कार्बाईडच्या हत्यारांचं काम रुजवलं, आणि भोसरी-चाकणच्या हजारो सीएनसी मशीनवर आज कार्बाईडचे इन्सर्ट रोज झिजतात. तो इन्सर्ट मुळात भुकटी असतो. टंगस्टन कार्बाईड आणि कोबाल्ट अल्कोहोलमध्ये दळून, त्यात थोडं मेण किंवा पीईजी घालून ही स्लरी वाळवतात. अल्कोहोल पेट घेतं म्हणून ड्रायर बंद चक्राचा, आत हवेऐवजी नायट्रोजन. प्रेसच्या साच्यात भुकटी पाण्यासारखी वाहत भरली पाहिजे, म्हणून दाणा गोल आणि शंभर-दोनशे मायक्रॉनचा हवा. एवढ्या मोठ्या थेंबाला वाळायला वेळ द्यायचा तर टॉवर प्रचंड उंच लागेल. त्यावर इलाज म्हणून नॉझल टॉवरच्या खालच्या भागात, तोंड वर करून बसवतात. थेंब कारंज्यासारखे वर जातात आणि परत खाली येतात, एकाच टॉवरमध्ये दोनदा प्रवास करतात. ही रचना सिरॅमिक आणि फेराइटवाले सगळेच वापरतात. भोसरीत हिनोदेसारख्या कंपनीने ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींसाठी फेराइटचे भाग बनवले, तेही याच जातीच्या भुकटीतून घडतात. गुजरातेत मोरबीला टाइल्सची माती अशीच कारंज्याने वाळते, फक्त टॉवर कितीतरी मोठे. कार्बाईडची स्लरी ज्या कार्बाईडच्या नॉझलमधून जाते, ते नॉझल तिच्याच जातीच्या भुकटीतून घडलेलं असतं, आणि तरीही ते झिजतं.

तिसरं औषधांचं. इंजेक्शनसाठी लागणारी जंतुमुक्त भुकटी स्प्रे ड्रायरमध्ये करायची तर निवड जवळपास ठरलेली: टू-फ्लुइड नॉझल. दाबाची हवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पूर्ण निर्जंतुक करता येते. चकतीला बेअरिंग आहेत, त्यांना तेल आहे, ते तेल कुठून कसं गळेल याची खात्री कोण देणार? इथे ऐंशी युनिट वीज जास्त गेली तरी चालते. प्रमाणपत्र थांबलं तर चालत नाही.

चौथं सांडपाण्याचं, आणि या पट्ट्याला सर्वांत जवळचं. प्लेटिंग, फॉस्फेटिंग, पेंट शॉप यांचं पाणी पवना-इंद्रायणीत जाऊ नये म्हणून अनेक कारखान्यांवर झिरो लिक्विड डिस्चार्जची अट असते. आरओमधून उरलेलं खारट पाणी इव्हॅपोरेटरमध्ये आटवतात, शेवटचा चिकट भाग वाळवून रांजणगावसारख्या ठिकाणच्या धोकादायक कचऱ्याच्या प्रकल्पाकडे पाठवतात. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एटीएफडी, म्हणजे भिंतीवरून खरवडणारा ड्रायर असतो; स्प्रे ड्रायरही चालतो. इथे पावडर कशी दिसते याला किंमत नाही. क्लोराईडने ३१६ स्टेनलेस स्टीलही पोखरतं, फीड रोज बदलतो, आत गाळ येतो. म्हणून मोठ्या वाटेचं नॉझल किंवा चकती, आणि सहज सोडवून धुता येईल अशी बांधणी. इथे बारीक भोकाचं महागडं नॉझल बसवणं म्हणजे पहिल्याच आठवड्यात फिटरला टॉवरवर चढवणं. दारूच्या कारखान्यांतल्या स्पेंटवॉशची, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर उरलेल्या द्रवाची, गोष्ट जवळपास हीच, फक्त प्रमाण मोठं. तिथली पोटॅशयुक्त भुकटी हवेतलं पाणी ओढून चिकटते. २०२१ मध्ये मोलॅसिसपासूनच्या पोटॅशला केंद्राने खत-अनुदानात घेतलं, त्यानंतर साखरपट्ट्यात या विषयाला गती आली. हिंजवडीची प्राज इंडस्ट्रीज डिस्टिलरीच्या तंत्रज्ञानात जगभर काम करते, त्यामुळे या चर्चेत पुण्याचं नाव आपोआप येतं.

निवड बरोबर झाली तरी ती टिकवणं वेगळं काम आहे. ऑरिफिस झिजतं, ते डोळ्याला दिसत नाही. व्यास दहा टक्के वाढला की भोकाचं क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. पंप तेवढाच द्रव ढकलत असेल तर दाब दोनशे बारवरून १३७ च्या आसपास उतरतो. थेंब मोठा होतो, भिंतीवर ओली पावडर बसते, आणि पॅनेलसमोर बसलेला ऑपरेटर आउटलेट दोन अंशांनी वाढवून वेळ मारून नेतो. त्याचा यात दोष नाही. त्याच्या हातात तेवढंच बटण दिलेलं असतं. महिन्याला इंधन वाढतं, कारण कोणाला सापडत नाही. खरं तर तपासणी अगदी स्वस्त आहे. नॉझल बाहेर काढायचं, ठरावीक दाबाने एक मिनिट पाणी सोडायचं, बादलीत धरून वजन करायचं, नव्या नॉझलच्या आकड्याशी ताडून पाहायचं. पाच-दहा टक्के जास्त भरलं की ऑरिफिस आणि स्वर्ल चेंबर दोन्ही बदलायचे, फक्त एक नाही. एकाच झुपक्यात जुनी-नवी नॉझलं मिसळू नयेत. झिजलेलं नॉझल शेजाऱ्याच्या वाट्याचा द्रवही ओढून घेतं.

त्याहून गंभीर गोष्ट नॉझलच्या तोंडावरच्या ‘दाढी’ची. सील गळालं, बंद करताना थेंब गळत राहिला किंवा लान्स नीट थंड राहिला नाही, की टोकाभोवती पावडरीचा थर साठतो. गरम हवेत तो करपत जातो, तपकिरी होतो, सुटून खालच्या पावडरीत पडतो आणि आतून धुमसत राहतो. दूध पावडरीच्या टॉवरमधल्या आगींच्या मुळाशी अशा गाठी अनेकदा सापडल्या आहेत. हवेत पुरेशी भुकटी तरंगत असताना तिथे ठिणगी पोचली, तर स्फोट होतो. म्हणून आता टॉवरमधून बाहेर जाणाऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साईड मोजणारी यंत्रणा बसवतात, कारण धुमसणं सुरू होताच हा वायू वाढतो. प्रत्येक लान्सवर न-गळणारा चेक व्हॉल्व्ह असावा, आणि शिफ्ट बदलताना काचेतून प्रत्येक टोक पाहिलं जावं. त्यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

मग पावसाळा. जुलैत पुण्याच्या हवेत किलोमागे सतरा-अठरा ग्रॅम पाणी असतं, डिसेंबरच्या कोरड्या दुपारी सहा-सात. ओली हवा कमी पाणी ओढते, म्हणून ऑपरेटर फीड दहा टक्के कमी करतो. प्रवाह दहा टक्के उतरला की नॉझलचा दाब एकोणीस टक्के उतरतो आणि थेंब मोठा होतो. नेमका जेव्हा बारीक थेंब हवा असतो, तेव्हाच तो मोठा मिळतो. फीड कमी केल्याचा फायदा इथेच खाल्ला जातो. उपाय साधा आहे: पावसाळ्यासाठी एक नंबर लहान ऑरिफिसचा वेगळा संच ठेवायचा किंवा एक लान्स बंद करून बाकीच्यांचा दाब पूर्ववत आणायचा. ज्या प्लँटवर असे दोन संच ठेवले जातात, तिथे जुलै-ऑगस्टचा त्रास कितीतरी कमी होतो.

कोटेशन मागवताना काय विचारावं, हाही इथल्या उद्योगांना पडणारा प्रश्न. नॉझल बनवणाऱ्यांच्या कॅटलॉगमधले आलेख पाण्यावर काढलेले असतात. पाण्याचा थेंब आणि पन्नास टक्के दाट दुधाचा थेंब यांत मोठं अंतर असतं. म्हणून विक्रेत्याला आपल्या फीडचा घट्टपणा, त्या वेळचं तापमान, घनता आणि त्यातला मोठ्यात मोठा कण कळवावा, आणि त्या स्थितीतला थेंबांचा आलेख मागावा. सरासरी सांगून भागत नाही. वरचे दहा टक्के थेंब केवढे, हे विचारावं. धातू कोणता, टंगस्टन कार्बाईडचा बाइंडर कोणता, हेही विचारावं. आम्ल फीडमध्ये साध्या कार्बाईडमधला कोबाल्ट विरघळत जातो आणि भोक आतून खरखरीत होतं. तिथे निकेल बाइंडर किंवा सिरॅमिक घ्यावं. भोकाच्या निम्म्याहून लहान जाळीचा स्ट्रेनर आधी असावा, नाहीतर सगळी निवड फुकट.

भोसरीच्या टूलरूममध्ये वायरकट, ईडीएम, डायमंड लॅपिंग सगळं आहे. कार्बाईडच्या तुकड्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या अचूकतेने भोक काढणं ही इथे रोजची गोष्ट. त्यामुळे नॉझलची नक्कल करून देणारे सहज सापडतात. खरी कसोटी मोजण्यात आहे. भोकाचा व्यास जुळला पण कडेचा गोलसरपणा आणि आतल्या भिंतीचा गुळगुळीतपणा जुळला नाही, तर शंकूचा कोन बदलतो आणि थेंबांचा आलेख पसरतो. इथे घडवलेलं नॉझल लेसर डिफ्रॅक्शनवर तपासून, आलेखासकट विकणारी सोय या पट्ट्यात पक्की झाली, तर आयात केलेल्या नॉझलची सक्ती बऱ्याच प्लँटना उरणार नाही. इंजेक्टर तपासणारी माणसं, त्यांची यंत्रं, त्यांची सवय इथेच आहे.

हा प्रश्न लवकरच आणखी जवळ येणार आहे. महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्या चाकणमध्ये बनू लागल्या आहेत. त्यांच्या जातीच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीतलं कॅथोडचं साहित्य स्लरीतून स्प्रे ड्रायरनेच वाळवलं जातं. सध्या त्याचा मोठा भाग चीनमध्ये तयार होतो. या साहित्याचा दाणा पाच ते वीस मायक्रॉनचा लागतो, स्लरी घर्षक असते आणि नॉझलमधून झिजून आलेले लोखंडाचे कणही दहा लाखात काही इतकेच चालतात, कारण धातूचा कण बॅटरीच्या आत शॉर्ट सर्किट करू शकतो. दुधाला चालणारी स्टीलची वाट त्यामुळे बाद होते. नॉझलची संपूर्ण ओली वाट सिरॅमिकची लागते, आणि ते सिरॅमिकही झिजून बॅटरीत काय सोडतं, ते आधी तपासून घ्यावं लागतं. देशात कॅथोडचे कारखाने उभारण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. त्यांच्या पहिल्या ड्रायरची ऑर्डर निघेल तेव्हा नॉझलचं कोटेशन स्पेअर्सच्या यादीतून काढून पहिल्या पानावर ठेवावं लागेल.